पाटी नसलेला व्यत्यय

आमच्या आईचे वय ८४. डोळे अजून बरे आहेत. कानांनी मात्र दगा दिला आहे, त्यामुळे दोन्ही कानांना यंत्रे आहेत. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की सात वाजता ती आपल्या खुर्चीत बसते आणि साडेनऊपर्यंत ठरलेल्या मालिका पाहते. या अडीच तासांत रिमोट तिच्या हातात असतो आणि तो कोणी मागायचा नाही, असा घरातला अलिखित नियम आहे.

मध्यंतरी एकदा तिच्या शेजारी बसलो असताना माझ्या लक्षात आले की, तिचे लक्ष मालिकेपेक्षा त्या रिमोटकडेच अधिक आहे. प्रसंग तुटला आणि जाहिरात सुरू झाली रे झाली की तिचा अंगठा घाईघाईने आवाज बंद करण्याचे बटण शोधतो. मग ती मान खाली घालून जपमाळेसारखी मनाशी काही मोजत राहते आणि चित्र बदलले की पुन्हा आवाज सुरू करते. दर आठ-दहा मिनिटांनी हीच कवायत. एखादे वेळी बटण चुकते. तसे एके रात्री चुकले. माझी सव्वा वर्षाची नात दिवसभर दात येण्याच्या त्रासाने किरकिरत होती आणि नुकतीच कुठे सोफ्यावर झोपली होती. मालिकेतली सासू हलक्या आवाजात काही कानगोष्ट करीत होती, म्हणून आईने आवाज वाढवला होता. तेवढ्यात भांडी घासण्याच्या साबणाची जाहिरात अशी काही कोसळली की, पोर दचकून उठली आणि तिने घर डोक्यावर घेतले. आईने कानातली यंत्रे काढून टेबलावर ठेवली आणि मला विचारले, "अरे, ही माणसं आपल्या घरात येऊन अशी ओरडतात का? आपण बोलावलंय का त्यांना?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. जाहिरातींचा वैताग येत नाही असे घर आज सापडायचे नाही. पण तो नेमका कशाने येतो, हे आपण सहसा तपासत नाही. 'कंटाळा आला बुवा' म्हणतो आणि चहा टाकायला उठतो. आईच्या प्रश्नाने मी हा शोध घेऊ लागलो, तो आपल्यापुढे ठेवतो.

बोलावले होते आपणच

आधी एक कबुली द्यायला हवी. या पाहुण्यांना आपणच बोलावले होते आणि मोठ्या कौतुकाने बोलावले होते. मुंबईत दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यावर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ पासून. आमच्या चाळीत तेव्हा दोनच घरांत टीव्ही होता. गुरुवारचे छायागीत, शनिवारचा मराठी चित्रपट आणि रविवारचा हिंदी चित्रपट यांसाठी आम्ही पोरे त्या घरांच्या उंबरठ्यावर चपलांच्या ढिगाशेजारी बसत असू. जाहिराती लागल्या की कोणी उठत नसे. उलट त्यांची गाणी आम्ही शाळेच्या वाटेवर म्हणत असू. एखादी जाहिरात चुकली तर हळहळ वाटे, असे आज सांगितले तर माझी सूनबाई हसते.

त्या काळातली सर्वांना आठवणारी बाई म्हणजे ललिताजी. सर्फ पावडरची ती जाहिरात अ‍ॅलेक पदमसी यांच्या संस्थेने केली होती आणि ललिताजी झाल्या होत्या कविता चौधरी, ज्यांना पुढे आपण 'उडान' मालिकेत पाहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अनेकांना आधी आठवली ती ललिताजीच. या जाहिरातीमागे एक व्यापारी लढाई होती. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये घरगुती पातळीवर सुरू केलेल्या निरमाने स्वस्ताईच्या बळावर मोठ्या कंपनीची बाजारपेठ खाल्ली होती. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, हे गृहिणीला पटवून द्यायचे होते. ललिताजी ते ठसक्यात पटवून देत. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैशाचा हिशेब ठेवणारी, कोणाला न बधणारी बाई. आमच्या चाळीतल्या बायकांना ती आपल्यातलीच वाटे. ती विकत होती पावडरच, पण समोरच्या बाईला अक्कल आहे, हे धरून चालत होती.

मागचे सगळे गोड होते, असे मी म्हणणार नाही. तेव्हाही नाके मुरडणारी वडीलधारी मंडळी होतीच. 'रामायण' १९८७ मध्ये सुरू झाले तेव्हा मालिकेआधी लागणाऱ्या जाहिरातींच्या रांगेवर आमचे एक शेजारी आजोबा दर रविवारी करवादत. पण ती रांग दारात असे, माजघरात नसे. एकदा कार्यक्रम सुरू झाला की तो बहुधा सलग चाले. मधे काही तुटलेच तर पडद्यावर एक पाटी येई, 'व्यत्यय'. त्या पाटीची आम्ही पुष्कळ टिंगल केली. आज वाटते, निदान पाटी तरी येत होती!

पठारावरचा आवाज

आता आईच्या तक्रारीकडे वळू. जाहिरात मालिकेपेक्षा मोठ्याने लागते की आपल्याला तसा भास होतो? भास नाही, त्यामागे तंत्र आहे. मालिकेचा किंवा चित्रपटाचा आवाज सह्याद्रीसारखा असतो. कुठे कुजबुजीची दरी, कुठे किंकाळीचे शिखर. कोणते शिखर किती उंच असावे यावर मर्यादा घालता येते आणि अनेक वर्षे तीच घातली जात असे. जाहिरातवाल्यांनी त्यातून वाट काढली. त्यांनी शिखर वाढवले नाही, दऱ्या भरून काढल्या. हळू आवाज उचलून शिखराच्या जवळ नेऊन ठेवला. झाले ते पठार. मोजपट्टी लावली तर सर्वांत मोठा आवाज मालिकेइतकाच भरतो. पण मालिका त्या उंचीवर क्षणभरच जाते, जाहिरात अर्धा मिनिट तिथेच उभी राहते. त्यातून आपण नेमका कुजबुजीचा प्रसंग ऐकण्यासाठी आवाज वाढवलेला असतो.

वय झालेल्या कानाची अडचण आणखी वेगळी. त्याला हळू बोललेले ऐकू येत नाही आणि मोठे बोललेले सहन होत नाही. ऐकू येणे आणि दुखणे यांतली जागाच अरुंद होते. यंत्र लावणाऱ्या माणसाला ही जाहिरात कानठळीसारखी लागते, ती यामुळे. 'आजींना आता काहीच सहन होत नाही' असे म्हणण्यापूर्वी घरातल्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे.

यावर जगात उपाय झालेले आहेत. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेने २०१० मध्ये शिखराऐवजी सरासरी आवाज मोजण्याची पद्धत स्वीकारली. अमेरिकेत जाहिरातींचा आवाज कार्यक्रमाइतकाच ठेवण्याचा कायदा २०१० मध्ये झाला आणि डिसेंबर २०१२ पासून तो लागू झाला. कॅलिफोर्निया राज्याने २०२५ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवांनाही तेच बंधन घालणारा कायदा केला आणि त्याच्या मुळाशी होती, झोपलेले तान्हे बाळ जाहिरातीने उठल्याची तक्रार! ती बातमी वाचताना मला आमच्या सोफ्यावरची पोर आठवली.

आपल्याकडेही नियम नाही असे नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरात संहिता आहे आणि तिच्यात जाहिरातीचा आवाज अती मोठा नसावा, असे लिहिलेले आहे. पण 'अती' म्हणजे किती, याचे माप त्या वाक्यात नाही. माप नसलेला नियम म्हणजे तराजूविना वाणी. तो म्हणेल ते वजन!

पुन:पुन्हा, पुन:पुन्हा

दुसरे कारण पुनरावृत्तीचे. इथे मात्र जाहिरातवाल्यांची बाजू ऐकून घेण्यासारखी आहे. माझा एक भाचा या धंद्यात आहे. गणपतीला घरी आला तेव्हा मी त्याला धारेवर धरले. तो शांतपणे म्हणाला, "मामा, या आठवड्यात चीड आणणाऱ्या जाहिराती कोणत्या पाहिल्यात?" मी घडाघडा पाच सांगितल्या, उत्पादनाच्या नावांसकट. मग त्याने विचारले, "आणि आवडलेल्या?" मी दोन आठवल्या, पण त्यातली एक कशाची होती ते काही सांगता येईना. भाचा हसला. म्हणाला, "आता तुम्ही दुकानात गेलात, समोर पाच साबण आहेत. तुम्ही घाईत आहात. हात कुठे जाईल?"

याला आधार आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले की, एखादा निरर्थक शब्द किंवा अनोळखी चिन्ह वारंवार पुढे आले तर केवळ ओळखीमुळे ते माणसाला बरे वाटू लागते. जाहिरात धंद्याला हे त्याआधीच अनुभवाने ठाऊक होते. अमेरिकेत १९५० च्या दशकात रॉसर रीव्हज या जाहिरातकाराने डोकेदुखीवरच्या अनासिन गोळीची जाहिरात केली. डोक्याच्या चित्रात हातोडा ठोकला जातो आहे, स्प्रिंग ताणली जाते आहे, वीज कडाडते आहे. लोक त्या जाहिरातीचा मनापासून तिरस्कार करीत आणि गोळीचा खप मात्र वाढतच गेला. डोकेदुखीची जाहिरात पाहून डोके दुखावे आणि मग तीच गोळी घ्यावी, असा हा प्रकार!

पण गोष्ट इथे संपत नाही. रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो या दोघांनी १९७९ मध्ये असे दाखवले की, तोच संदेश पुन:पुन्हा ऐकवला तर पहिल्यांदा तो अधिक पटतो, पण एका मर्यादेपुढे पटणे उतरणीला लागते. माणूस कंटाळतो आणि संदेशाविरुद्धचे मुद्दे मनातल्या मनात काढू लागतो. आपल्याकडे हॉटेले शोधून देणाऱ्या ट्रिवागोची जाहिरात काही वर्षांपूर्वी इतकी दाखवली गेली की, त्यातल्या गृहस्थांवर देशभर विनोद झाले. गंमत म्हणजे ते नट नव्हतेच, कंपनीचे इथले कारभार पाहणारे अधिकारी होते.

या कंटाळ्यावर औषधही आपल्याकडेच शोधले गेले. २००९ च्या आयपीएल स्पर्धेच्या वेळी व्होडाफोनने झूझू नावाची पांढरी, मोठ्या डोक्याची मंडळी आणली. अनेकांना ती संगणकावरची चित्रे वाटली, प्रत्यक्षात ती पोशाख चढवलेली माणसे होती. खरी युक्ती मात्र वेगळीच होती. एकच जाहिरात शंभरदा दाखवण्याऐवजी सुमारे ३० छोट्या फिती केल्या गेल्या आणि त्या स्पर्धाभर रोज नव्याने येत राहिल्या. आमच्या घरातली मुले तेव्हा षटक संपण्याची वाट पाहत, झूझू दिसावेत म्हणून. म्हणजे प्रेक्षक जाहिरातीवर चिडतो हे खरे नाही, तो शिळ्या जाहिरातीवर चिडतो. शिळे वाढणे स्वस्त पडते, एवढाच काय तो प्रश्न.

त्याच २००९ मध्ये क्रिकेटच्या डावातही मधली सुट्टी शिरली. प्रत्येक डावात साडेसात मिनिटे. पुढच्या वर्षापासून तिचे अडीच-अडीच मिनिटांचे दोन तुकडे झाले. नाव डावपेचांचे, सोय कोणाची ते सांगायला नको. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एवढी रक्कम वसूल व्हायची तर चेंडू आणि चेंडू यांमधली हवासुद्धा विकावी लागणार.

आपल्याला कमी लेखणारे

आवाज आणि पुनरावृत्ती ही कारणे सांगून झाल्यावरही काहीतरी उरते. काही जाहिराती हळू आवाजात, एकदाच पाहिल्या तरी राग येतो. हा राग कसला? डेव्हिड आकर आणि डोनाल्ड ब्रुझोन यांनी १९८५ मध्ये अमेरिकी टीव्हीवरच्या ५२४ जाहिरातींचा अभ्यास करून नेमके हेच शोधले. त्यांची यादी वाचताना ती आपल्याच घरातल्या टीव्हीसमोर बसून केली आहे असे वाटते. प्रसंग बनावट आणि ओढूनताणून आणलेला असला की लोक चिडतात. एखाद्याला त्याच्या रूपावरून किंवा अज्ञानावरून खाली पाहायला लावले की चिडतात. नवरा-बायको, आई-मुलगी, मैत्रिणी यांच्या नात्याला वस्तूपायी धोका दाखवला की चिडतात. शरीराची दुखणीखुपणी नको इतक्या जवळून दाखवली की चिडतात. उलट सांगणारा विश्वासू वाटला, वातावरण मायेचे असले की राग कमी होतो.

आता आपल्या जाहिराती आठवून पाहा. शेजारीण येते आणि मुलाच्या शर्टाच्या कॉलरवरून आईची लायकी काढते. सासू बोट फिरवून ओट्याचा चिकटपणा दाखवते. मुलाला वर्गात कमी गुण मिळाले, कारण आईने दुधात अमुक घातले नाही. आणि सर्वांत वाईट, सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, नवरा मिळत नाही. तीन आठवडे मलम लावले की दोन्ही मिळतात. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आले आणि त्याच्या नावातला गोरेपणा गेला तो २०२० च्या जुलैत, ग्लो अँड लव्हली झाले तेव्हा. मधली ४५ वर्षे म्हणजे दोन पिढ्या. माझी धाकटी बहीण सावळी. चाळीत असताना ही असली जाहिरात लागली की ती पाणी पिण्याच्या निमित्ताने आत जायची. त्या वेळी आम्हा भावंडांपैकी कोणाच्या ते लक्षातही आले नाही. परवा हा लेख लिहितो आहे म्हटल्यावर तिने स्वत:च सांगितले. मी गप्प बसलो.

मुलांच्या पेयांचेही असेच. उंची, ताकद, बुद्धी, सगळे एका डब्यात. २०२३ मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवरून वाद झाला आणि बालहक्क आयोगाने त्यात लक्ष घातले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेटवरच्या दुकानदारांना सांगितले की, असली पेये 'आरोग्यपेय' या सदराखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात अशी व्याख्याच नाही. म्हणजे जो शब्द ऐकून हजारो आयांनी आपल्या घरखर्चातून डबे आणले, तो शब्द कायद्याच्या पुस्तकात नव्हताच! जाहिरातीचा वैताग हा नुसता करमणुकीतला खडा नाही, तो इथे घरच्या हिशेबाला आणि आईच्या मनाला लागतो.

हे कोणते मराठी?

मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला एक खास जादा वैताग येतो. मूळ जाहिरात हिंदीत होते आणि मग तिच्यावर मराठी आवाज चिकटवतात. ओठ एक बोलतात, कान दुसरे ऐकतात. त्यातून ते मराठी असे की, शब्द मराठी आणि हाडे हिंदी. "मी तुमची मदत करू शकते का?" अहो, मराठीत 'मला मदत कर' म्हणतात, 'माझी मदत' कोणी करीत नाही. आपल्या घरात बाई 'स्वयंपाक करते', जाहिरातीत ती 'जेवण बनवते'. सुनेने सासूला 'मम्मीजी' म्हणायचे आणि क्रियापद वाक्याच्या मधे टाकून द्यायचे, 'तुमच्या केसांना द्या नवी ताकद' असे. आमचा शाळेत जाणारा भाचेनातू हल्ली "मी तुझी मदत करतो" म्हणतो. त्याच्या आजीने तीनदा दुरुस्त केले. टीव्ही त्याला दिवसातून तीसदा शिकवतो, आजी कुठवर पुरणार?

मुद्दा व्याकरणाचा आहेच, पण त्याहून मानाचा आहे. ज्याला विकायचे त्याची भाषा धडपणे बोलण्याची तसदी घ्यावीशी वाटत नाही, हे प्रेक्षकाला कुठेतरी बोचते. पूर्वी दारावर येणारा कल्हईवाला किंवा बोहारीण परप्रांतीय असली तरी आपल्या बोलीत हाक मारायला शिके. धंद्याची ती पहिली पायरी होती.

सकाळचे यंत्र

सकाळी किंवा रात्री उशिरा टीव्ही लावणाऱ्यांना आणखी एक प्रकार माहीत आहे. अर्धा-अर्धा तास चालणारी, कार्यक्रमासारखी दिसणारी जाहिरात. अंगठी, लॉकेट, यंत्र. घातले की कर्ज फिटते, मुलीचे लग्न ठरते, पोराची नोकरी पक्की होते. या बाबतीत महाराष्ट्राने एक चांगली गोष्ट केली. आपल्याकडे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये असा निकाल दिला की, एखाद्या वस्तूत दैवी किंवा चमत्कारी शक्ती आहे असे सांगून ती विकण्याची टीव्हीवरची जाहिरात बेकायदा आहे. देवाचे नाव यंत्राला दिले म्हणून ते सुटत नाही. निकाल नागरिकाच्या याचिकेवर लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

साडेसात दिवस-रात्र

शेवटी वेळेचा हिशेब. केबल टीव्हीच्या त्याच नियमांत २००६ मध्ये एक भर पडली. तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिराती नकोत, त्यात १० व्यापारी आणि २ वाहिनीच्या स्वत:च्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२-१३ मध्ये ही मर्यादा कसोशीने लागू करायचे ठरवले तेव्हा वाहिन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये त्यांना कारवाईपासून अंतरिम संरक्षण दिले आणि प्रकरण वर्षानुवर्षे तारखांवर चालत राहिले. वाहिन्यांचे म्हणणे असे की, जाहिराती कमी केल्या तर आम्ही जगायचे कसे? ते सर्वस्वी खोटे नाही. बातमीदार, नट, तंत्रज्ञ यांचे पगार त्यातूनच निघतात. फुकट दिसणाऱ्या वाहिनीची किंमत कोणीतरी भरतच असतो.

पण मग जिथे आपण पैसे मोजतो तिथे काय? फेब्रुवारी २०१९ पासून नव्या दरपद्धतीने आपण वाहिनी निवडून तिचे पैसे भरतो आणि त्याच वाहिनीवर जाहिरातीही पाहतो. इंटरनेटवर जाहिराती नसतात म्हणून लोक तिकडे वळले, तर प्राइम व्हिडिओने जून २०२५ पासून भारतातल्या वर्गणीदारांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. नको असतील तर वेगळे पैसे भरा. गाडीचे तिकीट काढायचे आणि बसायला मिळावे म्हणून पुन्हा काढायचे, अशातला प्रकार.

आईच्या अडीच तासांचा मी हिशेब केला. नियमातली १२ मिनिटेच धरली तरी रोजचा अर्धा तास. वर्षाचे झाले १८२ तास, म्हणजे साडेसात दिवस आणि साडेसात रात्री. ८४ वर्षांच्या माणसाकडे साडेसात दिवस ही लहान रक्कम नव्हे.

मग करायचे काय? खोट्या जाहिरातीवर आज उपाय आहे. जाहिरात धंद्याने स्वत:च १९८५ मध्ये उभारलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे कोणालाही तक्रार करता येते. २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे आणि फसव्या जाहिरातीसाठी ते १० लाखांपर्यंत, पुन्हा तसेच केले तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. चीड आणणे हा मात्र गुन्हा नाही आणि तो करूही नये. उद्या कोणाला काय आवडत नाही यावर कायदे होऊ लागले, तर चांगल्या जाहिरातींचाही गळा दाबला जाईल. शिळेपणा, भाषा, कमी लेखणे यांचा इलाज बाजारातच आहे. आपण ती वस्तू न घेणे आणि का घेत नाही ते पत्राने कळवणे. पण आवाज आणि मिनिटे या दोन गोष्टी मोजता येतात. नियमही लिहिलेले आहेत. पहिल्याला माप द्यावे आणि दुसऱ्याचा निकाल लावावा, एवढे मागण्याचा हक्क पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाला नक्कीच आहे.

घरात आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. भाचेनातू आला की जाहिरात लागल्यावर त्याला विचारतो, "हे काय विकतायत आणि कोणाला घाबरवून?" तो आता पटापट ओळखतो. परवा म्हणाला, "ही आईला घाबरवतायत." दुसरी गोष्ट म्हणजे सात ते साडेनऊ घरातले कोणी ना कोणी आईशेजारी बसते आणि आवाज बंद करण्याचे काम आपल्याकडे घेते. आई निवांत मालिका पाहते. जाहिराती लागल्या की शांतता होते आणि त्या दोन-तीन मिनिटांत ती कधी जुन्या चाळीतले, कधी तिच्या माहेरचे काही सांगते. काल ती बोलत असतानाच मालिका पुन्हा सुरू झाली. मी आवाज वाढवायला गेलो, तर म्हणाली, "थांब रे, माझं होऊ दे आधी."